गुणगुण चालेल

माणूस गेल्यावरही त्याच्या नावाने पत्रं येत राहतात, हे मला ठाऊक होतं. विम्याची येतात, डोळ्यांच्या दवाखान्याची येतात, ‘आपली तपासणी राहून गेली आहे’ अशी प्रेमळ आठवणही येते. पण बाबांना जाऊन सात आठवडे झाल्यावर पार्सल कार्यालयाचं जे पिवळं कार्ड आलं त्यावर लिहिलं होतं, ‘आपली वस्तू आली आहे. आत चुंबक असल्याने रोखून ठेवली आहे. समक्ष येऊन खुलासा करावा.’ बाबांनी हयातीत कोणाला खुलासा केला नव्हता. तो त्यांच्या वतीने करायची पाळी माझ्यावर आली.

खुलासा काय करायचा हे मात्र माहीत होतं, कारण त्या वस्तूची वाट बघत एक बेस गिटार आमच्या जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडली होती. मी टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर जेवत होते.

बेस गिटार म्हणजे जाड तारांची, लांब मानेची, विजेवर वाजणारी गिटार. हिच्यातून गाणं निघत नाही, गाण्याखालची जमीन निघते, असं बाबा म्हणत. वीज नसेल तर तिचा आवाज कोणी रबर ताणून सोडल्याएवढाच. तारांच्या खाली दोन काळ्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. त्यात चुंबक आणि चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर तार थरथरली की हे वेटोळं ती थरथर विजेत उतरवून घेतं. थोडक्यात, ते गिटारीचे कान. (पिकअप म्हटल्यावर मालवाहू गाडीवरून जो विनोद सुचतो तो मला आतापर्यंत सात जणांनी ऐकवला आहे. आठवा ऐकून घेणार नाही.)

बाबा निवृत्त वजनमापे निरीक्षक होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी ही गिटार का आणली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात याला एकमेकांचा मान राखणं म्हणत. गिटार आणण्यामागचा सिद्धांत मात्र त्यांनी सविस्तर सांगितला होता. महागड्या गिटारीत माणूस नावाचे पैसे भरतो. तीच गिटार, त्याच आकाराची, समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कारखान्यात स्वस्तात बनते. एकाच पट्ट्यावरून सकाळी एका नावाची उतरते आणि दुपारी दुसऱ्या. लाकूड बरं, मान सरळ, काटकसर केलेली असते ती फक्त कानांत. म्हणून शहाण्याने स्वस्तातली घ्यावी आणि कान बदलावेत. “स्थळं बघतानाही हेच धोरण ठेवायला हवं होतं,” असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी पेपर वाचत होते. वाचत राहिले.

ही सुधारणा करायला त्यांनी दोन वर्षं घेतली. तोपर्यंत ते स्वस्त कानांवर वाजवत होते, तेही हेडफोन लावून. त्याला कारण बाई. बाई आमच्या भिंतीपलीकडे राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते आणि जिन्यात त्या भेटल्या की साठीची माणसंही हात मागे बांधतात. आमची खुर्ची सरकली की भिंतीवर ठोका पडे. मिक्सर लागला की ठोका. माझ्या हातून एकदा परात पडली तेव्हा बाईंनी ठोकलं नाही, सरळ चिठ्ठी पाठवली. अशा घरात विजेची गिटार वाजवणं म्हणजे परीक्षेच्या वर्गात शीळ घालणं. बाबांनी पहिल्या दिवसापासून हेडफोन लावला. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसलेली असे आणि मला फक्त त्यांच्या बोटांची थपथप ऐकू येई. दोन वर्षं ते काय वाजवत होते ते मी एकदाही ऐकलं नाही. मलाही ऐकवा, असं म्हणायला एक मिनिट लागलं असतं.

म्हणून मामाने फोनवर “अगं, विकून टाक ती, टेबल तरी मोकळं होईल,” असा सल्ला दिला तेव्हा मी म्हटलं, एकदा तिचा आवाज ऐकते, मग बघू. मामा म्हणाला, ठीक आहे, आठ दिवस घे. त्याला वाटलं तो उदार होतोय.

पार्सल कार्यालयात चार खिडक्या होत्या. पहिलीने मला तिसरीकडे पाठवलं, तिसरीने दुसरीकडे, आणि दुसरी जेवायला गेली होती. चौथ्या खिडकीतल्या कारकुनाने कार्ड बघून, ज्यांचं पार्सल आहे त्यांना घेऊन या, म्हणून सांगितलं. मी म्हटलं, ते नाहीत. मग आल्यावर पाठवा, असं तो म्हणाला. तेव्हा मी दाखला काढून काचेखालून आत सरकवला. त्याने तो वाचला, उभा राहिला, परत बसला. माणूस भला होता. पण फॉर्म भला नव्हता. ‘घेणारा स्वतः न येण्याचे कारण’ या रकान्यात तीनच पर्याय होते : आजारी, परगावी, अज्ञान बालक.

“यातच बसवावं लागेल हो,” तो हळू आवाजात म्हणाला. “परगावी लिहू?”

“लिहा.”

“परत कधी येणार, तारीख विचारतंय. टाकल्याशिवाय पुढे जात नाही.”

आम्ही दोघांनी वेगवेगळ्या तारखा टाकून पाहिल्या. संगणक नव्वद दिवसांच्या पुढची घ्यायला तयार नव्हता. अखेर बाबा नव्वद दिवसांत परत येतील, या हमीवर मी सही केली. सरकारी कागदावर केलेली ही माझी पहिली खोटी सही, आणि खरं सांगायचं तर ती करताना हाताला जरा बरं वाटलं.

चुंबकाचा खुलासा साहेबांपुढे झाला. गिटारीला चुंबक कशाला, असं त्यांनी विचारलं. ऐकायला, असं मी म्हटलं. साहेबांनी पाकीट उचलून पाहिलं तर टेबलावरच्या टाचण्या त्याला चिकटून वर आल्या. त्या एकेक करून काढल्यावर त्यांनी आणखी खुलासा मागितला नाही.

पाकिटात जोडी होती, दोन पिकअप, आणि त्यांच्याबरोबर विक्रेत्याचं पत्र : आपल्या चौदा प्रश्नांची उत्तरं सोबत जोडली आहेत, याहून अधिक प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आम्हाला आजवर भेटलेलं नाही. त्या चौदा प्रश्नांचा मसुदा बाबांच्या वहीत सापडला. मथळा ‘पिकअप : साधकबाधक’. खाली त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं, ‘एकेरी वेटोळं : आवाज स्वच्छ. मागे बारीक गुणगुण राहते. दुहेरी वेटोळं : गुणगुण नाही. आवाज भरदार, पण जेवून उठलेल्या माणसासारखा.’ मग पुढची दोन पानं आकडे. आणि शेवटी निर्णय, खाली दोन रेघा मारून : ‘एकेरी. गुणगुण चालेल. घर तसंही शांतच असतं.’

मी वही मिटून ठेवली. मी वाचनालयात नोंदी करायचं काम करते, घरी साडेसातला येते. वाक्यं कुठल्या कपाटात ठेवायची ते ठरवणं हाच माझा धंदा, पण हे वाक्य बरेच दिवस कुठेच ठेवता आलं नाही.

जुने पिकअप बाबांनी आधीच उपटून, वायरी मुळाशी कापून, स्क्रूच्या डब्यात टाकले होते. नवी वस्तू हातात यायच्या आत जुनी खोलून ठेवायची, ही त्यांची पद्धत. आमचा मिक्सर अकरा महिने खोललेला होता. तेव्हा नवी जोडी बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी गिटार चादरीत गुंडाळून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे निघाले. चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू दोन्ही हातांवर आडवी धरून चालणाऱ्या बाईला लोक फार अदबीने वाट देतात. बसमध्ये एक म्हातारे गृहस्थ तर उठून उभेच राहिले.

दुरुस्तीवाल्यांनी, दुसऱ्या डॉक्टरच्या रोग्याकडे बघावं तसं गिटारीकडे बघितलं. बाहेरची, स्वस्तातली, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग नवी जोडी गिटारीवर ठेवून पाहिली. मानेजवळचा पिकअप नीट बसला. मागचा बसेना. जोडीत मागचा पिकअप दोन मिलिमीटर लांबच असतो, हा नियम, त्यांनी सांगितलं. पण या स्वस्त गिटारींत कारखानेवाले दोन्ही खाचा आखूडच कोरतात. जाणता माणूस दोन्ही आखूड मागवतो. “तुमच्या वडिलांनी माप घेतलेलं दिसत नाही.”

मी म्हटलं, माझे वडील वजनमापे निरीक्षक होते.

“मग तर...” ते म्हणाले आणि तिथेच थांबले.

माझे कान तापले. ज्या माणसाने वीस ग्रॅमच्या फरकासाठी भर बाजारात एका बड्या दुकानाच्या तराजूला सील ठोकलं, त्याने माप घेतलं नाही? गिटार परत चादरीत गुंडाळून, उभ्याने चहा नाकारून मी बाहेर पडले. (चहा त्यांनी देऊ केला नव्हता. पण देऊ केला असता तर नाकारला असता.)

घरी येऊन बाबांच्या पेटीतलं व्हर्नियर काढलं. मखमली अस्तराची ही पेटी त्यांना निरोपसमारंभात मिळाली होती आणि तिला हात लावायची मला बंदी होती. अस्तराचा एक चौकोन कोणीतरी कापून नेला होता. बाबांशिवाय कोण नेणार, पण तेव्हा माझं लक्ष आकड्यांवर होतं. तीनदा मोजलं. खाच ब्याण्णव, पिकअप चौऱ्याण्णव. वहीतही ‘मागचा : ९४’ असंच लिहिलेलं. म्हणजे बाबांनीच चुकीचं मागवलं होतं.

हसण्यासारखी गोष्ट आहे, दोन मिलिमीटर. मला हसू आलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत बाबांनी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला होता, आणि मी म्हटलं होतं, वय झालं. वीस ग्रॅम ज्यांच्या नजरेतून सुटले नाहीत त्यांच्या नजरेतून दोन मिलिमीटर सुटण्याइतकं काहीतरी बिघडत होतं, आणि ते मी साडेसातला घरी येऊन, जेवून, पुस्तक उघडून बघितलंच नव्हतं.

एव्हाना ही बातमी इमारतीत पसरली होती. तळमजल्यावरच्या दंतवैद्यीण बाईंनी रविवारी गिटार दवाखान्यात आण, दाढेसारखी कोरून देते, असं सांगितलं. मामाचं मत पडलं की पिकअपच दोन्हीकडून घासावा. आणि चिटणीसकाका, म्हणजे आमच्या इमारतीचे चिटणीस, रोज संध्याकाळी पाहणीला येऊ लागले. त्यांनी उभं आयुष्य विजेचे मीटर वाचण्यात घालवलंय, त्यामुळे वीज म्हणजे आपली माहेरवाशीण असा त्यांचा समज आहे. त्यांनी जोडणीची सर्व जबाबदारी स्वतःहून घेतली. खाच वाढवायचं तेवढं तू बघ, म्हणाले, सुतारकाम माझ्या पदाला शोभत नाही.

खाच वाढवायची म्हणून रविवारी सकाळी मी गिटार खिडकीशी नेली. काळ्या रंगावर ऊन तिरपं पडलं आणि खाचेच्या दोन्ही टोकांना काहीतरी चमकलं. बोट लावलं तर करडं झालं. पेन्सिल होती. डाव्या टोकापासून एक मिलिमीटर सोडून एक रेघ, उजव्यापासून एक मिलिमीटर सोडून दुसरी. खाचेच्या तळाशी, धुळीखाली, कोऱ्या लाकडावर, टोकदार अक्षरात लिहिलं होतं : ‘दोन्हीकडे १. कानसेने. घाई नको.’

त्यांना माहीत होतं. त्यांनी मोजलं होतं, कारखान्याची लबाडी पकडली होती, नियमाप्रमाणे लांब पिकअपच मागवला होता आणि लाकूड मापात आणायचं ठरवलं होतं. मीठ दोनदा पडलं असेल. माप चुकलं नव्हतं.

मी तडक दुरुस्तीवाल्यांना फोन लावला आणि म्हटलं, माझ्या वडिलांनी माप घेतलं होतं. ते म्हणाले, कोण बोलतंय? मी फोन ठेवला. उत्तर पोचलं होतं, एवढं मला पुरे होतं.

पुढे आठ दिवस रोज कामावरून आल्यावर मी कानस चालवत होते. एका मिलिमीटरला आठ दिवस लागत नाहीत, पण घाई करायची नव्हती. मामाची मुदत उलटली. भुसा मी एका बशीत जमवला आणि मग त्याचं काय करायचं ते न सुचून बशी तशीच फडताळात ठेवली. नवव्या दिवशी मागचा पिकअप खाचेत असा उतरला की जणू तिथेच जन्मला होता. चिटणीसकाकांनी वायरींना डाग दिले. एक डाग टेबलक्लॉथलाही दिला.

आता नुसतं ऐकायचं होतं. गिटार हेडफोनला जोडणारी बाबांची सेलवरची डबी उघडली तर आत राहिलेला सेल पाझरून हिरवा झाला होता आणि डबी गेली होती. त्यावर चिटणीसकाकांना जी कल्पना सुचली ती तिथल्या तिथे मोडून काढायला हवी होती. इमारतीच्या वार्षिक सभेसाठी घेतलेला कर्णा आणि त्याचा अॅम्प्लिफायर त्यांच्या ताब्यात होता. तो वर्षातून एकदाच, त्यांच्या भाषणापुरता बाहेर निघे. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली : ‘कै. निरीक्षकसाहेबांच्या गिटारीची चाचणी शनिवारी साडेसहा वाजता त्यांच्या राहत्या घरी होईल. सभासदांनी वेळेवर यावे. गणसंख्येअभावी चाचणी तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल.’

गणसंख्या भरली. सात जण आले, दोघे आपापल्या खुर्च्या घेऊन. चिटणीसकाकांची पाहणी सोडली तर ज्या खोलीत गेले दोन महिने माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं तिथे माणसं दाटीवाटीने बसून भिंतीचा रंग कधी काढला, पंखा असाच आवाज करतो का, असं बोलू लागली. मला ते नकोसं झालं, आणि ती उठून जातील याचीही धास्ती वाटली.

चिटणीसकाकांनी चार शब्द बोलून बटण दाबलं. कर्ण्यातून बारीक गुणगुण सुरू झाली, दूर कुठेतरी माणूस ओठ मिटून गातोय तशी. कोणीतरी म्हणालं, बिघडलंय. मी तारेवर हात ठेवला आणि गुणगुण थांबली. हात काढला, पुन्हा सुरू. चिटणीसकाकांनी समजावलं की यात नवल नाही, माणसाचं अंग लागलं की ती गप्प होतेच. मी आणखी दोन-तीनदा हात ठेवून, काढून पाहिला. लोकांना वाटलं मी वाजवायची तयारी करतेय.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जमलेल्यांपैकी कोणालाच बेस गिटार वाजवता येत नव्हती. सूचनेत या बाबीचा विचार झालेला नव्हता. सगळे माझ्याकडे बघू लागले. ज्याच्या घरात वस्तू, त्याला ती येते, असा एक समज असतो. मी सर्वांत जाड तारेवर अंगठा ठेवला. आवाज मोठा करतो, असं म्हणत काकांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी तार ओढून सोडली.

आवाज ऐकला का? अर्धा. धम् एवढा कानात शिरला, जमीन पायाखालून जराशी वर आल्यासारखी वाटली, आणि उरलेला अर्धा अख्ख्या इमारतीच्या फ्यूजबरोबर गेला. दिवे गेले, पंखा थांबला, कर्ण्यातून जळक्या रबराचा वास आला. मग अंधारात जिन्यातून हाक ऐकू आली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत बाई होत्या.

त्यांना बाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली. बाईंचे सांधे दुखतात. एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर, असं करत चौघांनी त्यांना खाली घेतलं. त्या मुठी आवळत, एकेक बोट सोडवत उभ्या राहिल्या. चिटणीसकाका अखंड बोलत होते. बाईंनी टॉर्चच्या उजेडात माझ्याकडे बघितलं आणि अवाक्षर न काढता त्या घरात गेल्या. गणिताच्या बाई काही बोलत नाहीत तेव्हा उत्तर चुकलेलं असतं.

लोक खुर्च्या घेऊन गेले. चिटणीसकाका जळका अॅम्प्लिफायर पोटाशी धरून गेले; वार्षिक सभेत आता भाषण होणार नाही, या कल्पनेने ते एकदम म्हातारे दिसत होते. मी टॉर्च लावून गिटार बाबांच्या खोलीत ठेवायला नेली. उद्या मामाला फोन करायचा, घेऊन जा म्हणायचं. बाबांचं स्टूल कपाटाला खेटून होतं. त्यावर बसले, गिटार मांडीवर घेतली, आणि खोली लहान असल्यामुळे तिचं डोकं कपाटाच्या कडेला टेकलं.

टेकलं ते मऊ जागी. टॉर्च वळवला. कपाटाच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, मखमलीचा एक चौकोन चिकटवलेला होता. कडा पट्टीने कापलेल्या. मधोमध झिजलेला.

मी तार ओढली. कपाट बोललं. मोठ्याने नाही, पण पूर्ण. लाकूड, आतले हँगर, बाबांचे शर्ट, मागची भिंत, सगळ्यांतून तो जाड आवाज गेला आणि माझ्या बरगड्यांत येऊन थांबला. म्हणजे कान कापून ठेवल्यापासून पार्सलची वाट बघताना ते हे करत होते. वीज नाही, हेडफोन नाही. गिटारीचं डोकं कपाटाला लावून. मी आणखी एकदा ओढली.

भिंतीवर ठोका पडला. जरा वेळाने आणखी एक.

मी दचकून गिटार खाली ठेवली. आजच्या दिवसात दुसरा अपराध. आता चिठ्ठीची वाट न बघता आपणच जावं म्हणून मी टॉर्च घेऊन बाहेर पडले. बाईंच्या दाराशी माफीची तीन वाक्यं जुळवली. तिसरं जरा लांबत होतं. बाईंनी पहिल्या टकटकीलाच दार उघडलं.

“बाई, मी क्षमा मागायला आलेय. लिफ्टबद्दल, आणि आत्ताच्या...”

“थांबलीस का?”

“तुम्ही ठोकलंत.”

“दोनदा ठोकलं. एकदा म्हणजे पुरे. दोनदा म्हणजे पुन्हा.” त्या माझ्याकडे, पाढा न येणाऱ्या मुलीकडे बघावं तशा बघत होत्या. “तुझ्या बाबांनी सांगितलं नाही?”

मी नाही म्हटलं. बाईंनी मला आत घेतलं. मेणबत्तीशेजारी बसून त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने, पायरी न गाळता. साडेपाचला सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, नळ आहे. ठोकलं, आणि आवाज त्या क्षणी बंद झाला. तुझे बाबा घाबरट होते, बाई म्हणाल्या. पण तो बंद झाल्यावर खोली फार मोठी वाटायला लागली. म्हणून त्यांनी आणखी दोनदा ठोकलं. बऱ्याच वेळाने पलीकडे भीतभीत एक तार वाजली. मग रोजचंच झालं. पाच आठवडे. याबद्दल दोघे एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर पाणी किती वाजता येतं, एवढंच.

“तू त्या वेळी कामावर असायचीस,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुला रात्री वाजवून दाखवत असतील.”

मेणबत्तीची वात मी उगीचच सरळ केली. मग विचारलं, “काय वाजवायचे?”

“एकच. दुसरं येत नव्हतं त्यांना. वर चढायचं, खाली उतरायचं. चौथ्या पायरीवर चुकायचे. रोज त्याच जागी.” त्या भिंतीकडे वळल्या. मग ज्या बाईंच्या वर्गात कोणी शीळ घालायची हिंमत केली नसती, त्या ओठ मिटून, डोळे भिंतीवर ठेवून गुणगुणू लागल्या. खालच्या, जाड आवाजात. एक, दोन, तीन पायऱ्या. चौथीवर सूर घसरला. तिथे त्या थांबल्या, बाबा थांबत असतील तेवढ्याच. मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेलाही त्यांनी चूक सुधारली नाही. पस्तीस वर्षं लाल शाईने चुका खोडणाऱ्या बाई.

मी ऐकलं. पूर्ण ऐकलं.

घरी आले तेव्हा दिवे अजून यायचे होते. स्टुलावर बसले, मखमलीच्या झिजलेल्या जागी गिटारीचं डोकं टेकवलं. मला काहीच वाजवता येत नाही. चार तारा होत्या, त्या ओळीने ओढल्या. एक, दोन, तीन. चौथी बोटाखालून निसटली आणि भलतंच काहीतरी वाजलं.

हात तारांवर ठेवून मी वाट बघत राहिले.

भिंतीवर ठोका पडला. एक.

पुरे. रास्तच होतं. मी उठून गिटार पलंगावर ठेवायला लागले. बाईंचे सांधे दुखतात, हे मी मघाशीच सांगितलंय; त्यांच्या दोन ठोक्यांमध्ये बरंच अंतर पडतं. गिटार पलंगाला टेकते न टेकते तोच दुसरा आला.